राखीव आवाज

आमच्या पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नियम आहे. द्राक्षांचा क्रेट आला की वरचा घड बघायचा नाही, हात घालून तळातला काढायचा. वरचा घड सगळेच चांगला ठेवतात. मी या नियमात वाढले, आणि अडतिसाव्या वर्षी सिनेमा काढायला निघाले तेव्हा माणसांच्या बाबतीतही तोच लावू लागले. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत. संशयी माणसाचा माल परत येत नाही.

तरीही राकेशला मी घेतलं. सहा वर्षांपूर्वी त्याचे फोटो रिक्षांच्या मागे असायचे. मग दारू लागली. एका सिनेमाचं शूटिंग संपवून तो डबिंगच्या दुसऱ्याच दिवशी स्टुडिओतून उठून गेला आणि तीन महिने कुणाला सापडला नाही. पुढे आठ महिने व्यसनमुक्ती केंद्रात, आणि नंतर सटाण्याला आईजवळ. माझा दिग्दर्शक अमोल हात जोडून म्हणाला, "ताई, त्याच्यापेक्षा वळू घ्या, तो निदान दाव्याला तरी राहतो." मी राकेशकडून एक पान वाचून घेतलं आणि त्याच दिवशी करार केला. चौथ्या वाचनापर्यंत मी त्याच्या प्रेमात होते. हे सरळ सांगून टाकते, कारण पुढच्या गोष्टीत मी फारशी सरळ वागलेली नाही.

वाचन माझ्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर चालायचं. तो चहात आलं जास्त घालायचा आणि माझी चेष्टा करायचा. "तू देवाला नमस्कार करायच्या आधी त्याचं आधार कार्ड मागशील." एकदा आम्ही धरणावर गेलो होतो, तेव्हा त्याने मला त्या अर्धवट सोडलेल्या सिनेमाचं पुढचं सांगितलं. निर्मात्याने शेवटी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज त्याच्या तोंडी बसवला. सटाण्यात सिनेमा लागला तेव्हा सुलाबाई, म्हणजे त्याची आई, अख्ख्या गल्लीला घेऊन गेली. पडद्यावर मुलाने तोंड उघडलं आणि भलताच माणूस बोलायला लागला. बाई उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाऊ आवाज मना पोऱ्याना नही शे." आणि चप्पल घालून घरी निघून गेली.

"दारू आईने माफ केली," राकेश म्हणाला. "हे नाही केलं."

मग त्याने विचारलं, शूटिंग संपल्यावरच्या रविवारी माझ्याबरोबर सटाण्याला येशील का, आईला आपलं सांगून टाकू. मी हो म्हणाले. माझ्यासारखी बाई इतक्या पटकन कशालाच हो म्हणत नाही.

शूटिंग अंबडला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये होतं. शेजारी दिवसभर प्रेस मशीन धडधडायचं, त्यामुळे संवाद नंतर डब करायचे हे आधीपासून ठरलेलं. पहिले आठ दिवस राकेश सोन्यासारखा वागला. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेकअपवाल्याची ॲक्टिव्हा घेऊन तो गायब झाला. तासाभराने आला. डोळे लाल, घसा बसलेला, तोंडाला लवंगेचा वास. दहाव्या दिवशी तेच. अकराव्या दिवशीही तेच, आणि फोन बंद.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तर दूधच होतं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "रोज कुठे जातोस?"

"सांगेन. शूटिंग संपल्यावर."

"आत्ता का नाही?"

"आत्ता सांगितलं तर तू घाबरशील."

आता यावर कुठली बाई निवांत झोपेल? दुसऱ्या दिवशी मी माझ्या ड्रायव्हरला, सोमनाथला, त्याच्या मागे पाठवलं. तो वीस मिनिटांत मान खाली घालून परत आला. "त्रिमूर्ती चौकात सिग्नलला हुकले, मॅडम. वाइन शॉपच्या बाजूला वळले. थांबले का नाय, ते नाय दिसलं."

एवढं मला पुरलं. त्या संध्याकाळी राकेश माझ्याशी नेहमीसारखाच गोड बोलत होता आणि मी मान हलवत त्याच्या श्वासाचा वास घेत होते. माझं त्याच्यावर प्रेम होतं, अगदी खरं होतं. संशयही तितकाच खरा होता. दोन्ही एकाच घरात राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

अमोलने तोडगा काढला. "हा परत डबिंगच्या आधी गेला तर आपला सिनेमा मुका राहील, ताई. राखीव आवाज घेऊन ठेवू. संतोष आहे ना." संतोष नाशकातला हौशी नाटकांतला नट, कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो. सुलाबाईची गोष्ट मला माहीत होती, अमोलला नव्हती. म्हणजे नाही म्हणायचं असेल तर ते मीच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "बुधवारी दुपारी बोलाव. कुणाला कळता कामा नये."

नाशकात सिनेमाच्या कामाचे स्टुडिओ हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. इंदिरानगरला दिनेशचा आहे, एका रो-हाऊसच्या तळघरात. बुधवारी राकेशचा मोठा सीन होता, त्याला सुट्टीतही हलता येणार नव्हतं. मी संतोषला घेऊन दिनेशकडे गेले. संतोषने काचेपलीकडे तीन सीन म्हटले. डोळे मिटले तर राकेशच. मला बरं वाटायला हवं होतं, पण अंगावर काटा आला.

दिनेश मात्र विचित्र वागत होता. माझ्याकडे बघत नव्हता, उगाच वायर सरळ करत होता. संतोष गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सांगू नको असं मला बजावलंय. पण हे जे चाललंय ते मला बघवत नाही." आणि त्याने संगणकावर एक फोल्डर उघडलं.

राकेशचा आवाज आला. "तारीख अकरा. आज प्यायलेलो नाही. सीन चौतीस." आणि मग तो सीन, माझ्या सिनेमातला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. पुढच्या दिवसाची फाइल. "तारीख बारा. आज प्यायलेलो नाही. सीन अडतीस." रोज तीन-चार, असे एकवीस सीन. पडद्यावर चित्र नसताना, नुसत्या कागदावरून.

"रोज दुपारी येतात," दिनेश म्हणाला. "घसा फुटेस्तोवर म्हणतात, लवंगा चघळतात, जातात. मी म्हटलं, सर, चित्राशिवाय ओठ जुळणार नाहीत. तर म्हणाले, पन्नास टक्के जुळले तरी चालतील. मी पुन्हा पडलो तर तृप्तीचा सिनेमा अडकायला नको."

म्हणजे त्याचाही स्वतःवर भरवसा नव्हता. फरक एवढाच की त्याने स्वतःची राखीव सोय स्वतःच्याच आवाजात करून ठेवली होती. मी तिथे दिनेशसमोर रडले. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "संतोषचं सगळं पुसून टाका. माझ्यासमोर."

त्याने पुसलं. मी हलकी होऊन अंबडला परतले. वाटेत ठरवलं की हे राकेशला कधीच कळू द्यायचं नाही. पुसलं म्हणजे ते घडलंच नाही, असा माझा हिशोब.

संध्याकाळी पॅकअप झाल्यावर राकेश माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला. "आज दुपारी कुठे होतीस?"

"पिंपळगावला. अण्णांनी बोलावलं होतं, युरोपचा कंटेनर निघायचा होता, कुसाबाईच्या पॅकिंगच्या गँगमधल्या चार बायका आल्या नाहीत, म्हणून दोन तास थांबले."

"बरं," तो म्हणाला.

गुरुवार, शुक्रवार गेले. त्याने काम उत्तम केलं, पण बोलणं कमी झालं. माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली. मी पुन्हा वास घ्यायला लागले, सगळं माहीत असून. सवय काय, औषधाने जात नाही. शनिवारी सगळे सामान आवरत असताना मी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं सटाण्याला?"

"मी एकटाच जातोय. सकाळच्या एसटीने."

"का?"

"संतोषचा फोन आला होता. बुधवारीच, दुपारी. भला माणूस आहे. म्हणाला, सर, पोटासाठी तुमच्या आवाजाला हात लावला, माफ करा."

माझं रक्त तापलं. चोरी उघडी पडली की मी आधी भांडते, हा माझा स्वभाव. "मग मी काय करायचं होतं? सत्तर माणसं या सिनेमावर आहेत. तू रोज तोंड लपवून जाणार, फोन बंद ठेवणार, आणि मी आरती ओवाळत बसू? आणि ते पुसलं मी. विचार दिनेशला."

"केलंस ते बरोबर केलंस," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर मीही दुसरा आवाज घेतला असता. माझ्यावर मीच कुठे विश्वास ठेवतो?"

"मग झालं तर."

"संतोषचा फोन आल्यावरच मी तुला विचारलं, कुठे होतीस. वाटलं, सांगशील. आपण दोघं हसलो असतो, तू तिकडून आणि मी इकडून एकाच तळघरात शिरत होतो म्हणून." तो खुर्चीवरून उठला. "तू कंटेनर सांगितलास. कुसाबाई सांगितलीस. चार बायका सांगितल्यास. तृप्ती, पाच वर्षं मी असंच बोलायचो. एका दमात, नावगाव घालून. प्यायलेला माणूस असंच बोलतो. मला ते लांबून ओळखू येतं, आणि मी त्याच्यापासून फार मुश्किलीने सुटलोय. घरात एक खोटं बोलणारा पुरे. तो मी आहेच."

तो गेला.

रविवारी सकाळी नऊला मी गाडी काढली. सोमनाथला घेतलं नाही, स्वतः चालवली. काय बोलायचं ते पिंपळगावच्या टोल नाक्यापासून घोकत होते. "मी खोटं बोलले. मला तुमच्या मुलाशी लग्न करायचंय. त्याने नको म्हटलं तरी मला हे तुमच्यासमोर बोलायचं होतं." देवळ्यापर्यंत पाठ झालं. मला आयुष्यात एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटल्याचं आठवत नाही. हे एवढं बोलता आलं असतं तर तो थांबला असता, हे मला कळत होतं. त्याला दुसरं काहीच नको होतं.

दार सुलाबाईंनी उघडलं. ठेंगणी, गोरी बाई, हात कणकेने भरलेले. आतून राकेश आला. मला बघून त्याचा चेहरा क्षणभर उजळला, तो मी पाहिला. मग त्याने तो आवरला.

"कोन शे रे?" आईने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्यावर सोडल्यासारखा थांबला. मी तोंड उघडेना, तेव्हा म्हणाला, "आमना सिनेमाना प्रोड्यूसर शेतस."

सुलाबाईंनी लगबगीने हात धुतले, खुर्ची पदराने पुसली. पाहुण्यांच्या कपबश्या वरच्या फळीवरून काढल्या. मला चहा दिला, साखर विचारली, समोर खाली बसल्या. "काय काम काढं बाई, इतक्या लांब?"

राकेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. वाट बघत होता, माझीच.

"डबिंगच्या तारखा ठरवायच्या होत्या," मी म्हणाले. "सोमवारपासून स्टुडिओ मोकळा आहे, फोनवर नीट बोलणं होत नव्हतं, आणि मालेगावला एका वितरकाकडे जायचंच होतं, म्हटलं वाटेत तुमच्याकडे होऊन जावं."

राकेशने तारखा लिहून घेतल्या. त्या सगळ्या तारखांना तो वेळेवर आला.