आवाज ठेवायची जागा

जेबाच्या घरात एक रीत होती. मेन स्विच पाडल्याशिवाय शटर ओढायचं नाही. तिचे वडील शफीभाई अमरावतीत चित्रा चौकाजवळ पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे, आणि जळक्या तारेच्या वासात आयुष्य काढलेल्या माणसाला चालू राहिलेल्या बटणाइतकी धास्ती दुसऱ्या कशाची नसते. लग्नाला निघा नाहीतर मयतीला, उंबऱ्यात त्यांचा प्रश्न ठरलेला, "मेन गिराया क्या?" जेबा इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरी करून परत आली, दुकानाच्या माडीवर तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं, पण ही सवय काही सुटली नाही. माणूस कितीही शिकला तरी अशा गोष्टी सोडत नाही.

दोन हजार सतराचं साल. त्या पावसाळ्यात अळीनं कपाशी धरली आणि औषधानं माणसं धरली. रोजानं फवारणी करणारे मजूर उलट्या करत, डोळे चोळत दवाखान्यात येऊ लागले, आणि आले तितके सगळे घरी परत गेले असंही झालं नाही. जेबाचा कॉलेजातला मित्र नितेश हिवरखेडचा. तो आणि त्याचे चार सोबती अकोल्याच्या दवाखान्यात खाटेखाटेला बसून या मजुरांचं म्हणणं फोनमध्ये रेकॉर्ड करत होते. कोणतं औषध, कशात मिसळलं, कोणी मिसळून दिलं, तोंडाला बांधायला काही दिलं होतं का. पुढे चौकशी बसेल तेव्हा हे कामाला येईल, अशी त्यांची समजूत. जेबानं त्यांना एक ॲप बांधून दिलं. फोनवर बोललेलं सरळ वर जाईल, क्लाऊडमध्ये, आणि कोणालाही कधीही ऐकता येईल.

आता वर म्हणजे कुठे, हा साऱ्या कामातला एकच खरा प्रश्न होता, आणि जेबानं त्याला एका चहाएवढा वेळ दिला. क्लाऊड कंपनीकडून भाड्यानं यंत्र घेतलं की त्याच्या पोटातच एक डिस्क मिळते. वेगवान, आणि वेगळं भाडं नाही. दुसरी डिस्क बाहेरून जोडायची, तिचं भाडं निराळं. शिवाय फोटो आणि आवाज कायमचे ठेवायला तर कंपनीची स्वतंत्र कोठीच असते. जेबानं गावांची, माणसांची नावं आणि बारीकसारीक नोंदी बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या. आवाज जड. ते तिनं यंत्राच्या पोटात टाकले.

"तिथं राहतीन न ते?" नितेशनं विचारलं होतं.

"राहतील ना. थांब, दाखवते." तिनं त्याच्यासमोर यंत्र रीस्टार्ट केलं. सगळे आवाज जागच्या जागी. पुन्हा केलं, पुन्हा जागच्या जागी. नितेशचं समाधान झालं. तिचंही झालं, हे जास्त वाईट.

त्याच दिवशी तिनं पोरांना एक नियमही घालून दिला. त्यांचे फोन साधे, निम्मी जागा सकाळच्या शुभेच्छांच्या फुलांनी भरलेली. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडायचं. तेव्हा आवाज वर गेला की फोनमधला पुसून टाकायचा. या देशात नियम कोण पाळतो? पण नितेश पाळायचा. तो जरा आळशी असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

दिवाळी आली. पोरं गावोगाव पांगली, रेकॉर्डिंग थांबलं. जेबाही मावशीकडे वरूडला निघाली. ऑफिसचं कुलूप लावता लावता खालून अब्बांनी विचारलं, "मेन गिराया क्या?" आणि तिच्या मनात आलं की वरचं यंत्र उगीच चालू आहे. चार पैसे वाचतील पोरांचे. तिनं फोनवरूनच ते थांबवलं. रीस्टार्ट नाही, थांबवलं. मोटार बंद करतात तसं.

अमरावतीत क्लाससाठी आलेली पोरं भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीला कुलूप लावून गावी जाऊन आलं तर भिंतीतल्या कपाटातलं सामान तसंच असतं. खोली सोडली तर मालक कपाट झाडून दुसऱ्याला देतो. रीस्टार्ट म्हणजे कुलूप, आणि थांबवणं म्हणजे खोली सोडणं. कंपनीनं हे आपल्या माहितीत स्वच्छ लिहून ठेवलं होतं. जेबानं ते वाचलं, पण दिवाळीनंतर यंत्र सुरू केलं आणि त्याच्या पोटातली डिस्क रिकामी निघाली तेव्हा. वरातीमागून घोडं.

कंपनीच्या माणसाशी ती तासभर बोलली. तो इतका अदबीनं बोलला की तिला भांडताही येईना. त्या डिस्कवरचं परत आणता येत नाही, मॅडम, आणखी काही मदत करू का? मग तिनं नितेशचा आणि बाकी पोरांचेही फोन मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे दिले. पुसलेल्या जागेवर नवीन रेकॉर्डिंग बसलेलं, तोही मान हलवून मोकळा झाला. ती खाली दुकानात येऊन अब्बांच्या स्टुलावर बसली आणि रडली. अब्बांनी हातातली मोटार बाजूला ठेवली, पण काय जळलं हेच त्यांना कळेना, तर ते काय भरून देणार.

पुढे चौकशी बसली, आणि तिची सुनावणी अमरावतीतच होती. दुपारच्या सुनावणीआधी सकाळीच नितेश आशाबाईंना घेऊन माडीवर आला. आशाबाईंचे यजमान नत्थुजी दुसऱ्याच्या वावरात फवारणी करता करता पडले आणि अकोल्यात आठवड्यानं गेले. पहिल्या सरकारी अहवालात लिहिलं होतं की मजुरानं स्वतःच्या मर्जीनं दोन औषधं एकत्र केली आणि काळजी घेतली नाही. नत्थुजींनी खाटेवरून नेमकं उलटं सांगितलं होतं. औषध मालकानं कालवून दिलं, डोळे जळतात म्हटल्यावर उरलेलं तास, म्हणजे कपाशीची ओळ, संपव म्हणाला. हे नितेशनं ऐकलं होतं, पण ऐकलेलं कोण मानतो? मेलेल्या माणसाच्या बाजूनं बोलायला त्याचा आवाजच पाहिजे होता. आणि आशाबाईंनी तर तो ऐकलाही नव्हता, कारण त्या वेळी नितेशनं त्यांना खाली औषधाची चिठ्ठी देऊन पाठवलं होतं.

"लावा बाई," आशाबाई खुर्चीच्या काठावर बसत म्हणाल्या. "तिथं साहेबायसमोर पयल्यांदा आयकलं तर मले सोसनार नाई. म्हनून म्हनलं एकडाव इथं आयकून घेतो."

जेबानं नितेशकडे पाहिलं. तो खिडकीकडे पाहत होता. फोनवर त्यानं आधीच सांगून टाकलं होतं, मले नाई जमनार, तूच सांग.

"काकू, तो आवाज राहिला नाही," जेबा म्हणाली. "माझ्या हातून गेला. मी यंत्र बंद केलं आणि सगळ्यांचेच गेले."

"मंग चालू करा."

"केलं. नाही येत."

आशाबाईंनी थोडा वेळ कॉम्प्युटरकडे पाहिलं. नाव तर दिसत होतं, नत्थुजी, मुक्काम हिवरखेड. "थे काय लिवलं हाय मंग?"

"नाव आहे फक्त. आवाज दुसरीकडे ठेवला होता."

जेबाला वाटलं, बाईनं शिव्या द्याव्यात, हात उगारावा. त्यातलं काही झालं नाही. त्या पदरानं चष्मा पुसत राहिल्या. ते नितेशला बघवेना.

"काकू, मी होतो न तिथं," तो घाईनं म्हणाला. "मले आठवते. शेवटी थे तुमचंच बोलले. माह्या आशाले सांभाळजा म्हने, तिचं कोनी नाई."

आशाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "नितेश, थे माहं नाव घेत नोते रे. तीस वर्सांत नाई घेतलं. चंदाची माय म्हनत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "दुसऱ्या कोनाचं असन थे. तुले तरी किती जनायचं ध्यानात राहीन."

नितेशची मान खाली गेली. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतक्या खाटा, इतके आवाज, सगळ्यांचे डोळे जळत होते आणि सगळ्यांना मालकानंच कालवून दिलं होतं.

"बोलले तरी व्हते न थे?" आशाबाईंनी जेबाला विचारलं. "का थेयी नाई?"

जेबानं नावावर क्लिक केलं, तशी शेजारी नोंद उघडली. "बोलले होते, काकू. हे पाहा. अकरा मिनिटं बोलले."

"अकरा?"

"हो."

आशाबाई उठून कॉम्प्युटरजवळ आल्या आणि वाकून तो आकडा पाहू लागल्या. त्यांना वाचता येत होतं की नाही, हे जेबाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "येवढं तं थे माह्यासंग कदीच बोलले नाई. काय बोलले असतीन वो?"