काजळीची अब्रू

ससेवाला बोलायला लागला की ऐकणाऱ्याचे कान किटत. त्याचा काळा नर कोळसा सात पिढ्यांचा शुद्ध, असं तो भेटेल त्याला सांगत सुटे. कोळशाची आई पांढरीशुभ्र होती, एवढंच काय ते सांगायचं राहून जाई. पण सशांच्या प्रदर्शनात उतरायचं तर मावशींची शुद्धतेची चिठ्ठी लागे. मावशी म्हणजे विज्ञानाच्या निवृत्त बाई, आणि त्या गोड बोलण्याला भुलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यांनी कोळशाची गाठ आपल्या पांढऱ्या मादीशी घातली. "रंगाची जनुकं जोडीनं येतात, एक आईचं, एक बापाचं," त्या म्हणाल्या. "काळं प्रभावी, एकटं असलं तरी दिसतं. पांढरं अप्रभावी, दोन्ही असतील तरच दिसतं. एक जरी पिल्लू पांढरं निघालं, तर तुझ्या कोळशात पांढरं लपलंय."

पिल्लं झाली आठ. दहाव्या दिवशी दुपारी मावशी आडव्या झाल्याचं बघून ससेवाला हळूच त्यांच्या खुराड्यात डोकावला. तीन पांढरी! त्याचं धाबं दणाणलं. घरी त्याची काळी मादी काजळीही त्याच आठवड्यात कोळशापासून व्यायली होती, सातही पिल्लं काळी कुळकुळीत. काजळी मात्र खरोखरच शुद्ध घराण्यातली, आणि तिच्यावर त्याचा भारी जीव. त्यानं तिची तीन काळी मावशींच्या खुराड्यात आणून ठेवली आणि तीन पांढरी तिच्या कुशीत सारली. बिचारीनं निमूट पाजलं.

मावशींनी आठ काळी मोजली, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या, चल, काजळीलाही बघू, दोघांची एकच चिठ्ठी देते. नाही म्हणायची सोय नव्हती.

काजळीजवळची तीन पांढरी त्यांनी बराच वेळ न्याहाळली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"आईबाप दोघं काळे आणि पोरं पांढरी. म्हणजे कोळसाही खोटा आणि ही काजळीही खोटी. लिहू तसं?"

कोळशाचं एक वेळ चाललं असतं. काजळीचं नाव निघालं तसा ससेवाला पुढं झाला.

"मावशी, चोर मी आहे," तो म्हणाला. "ती तीन तुमची आहेत. मला काय म्हणायचं ते म्हणा, तिला नावं ठेवू नका."

"मग तिलाही पांढऱ्या नराकडे पाठव. या वेळी खुराड्याला कुलूप लावीन, किल्ली माझ्याकडे."

"दोन लावा," ससेवाला म्हणाला.