बाहुलीच्या पायातलं विष

वस्तीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टबात एका आजोबांचे पाय बुडवलेले, आणि स्वच्छ पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काळ्या चहासारखं होत चाललेलं. मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघत होते.

औषधं विष आत दाबतात, आपलं यंत्र ते तळपायातून खेचून काढतं, असं स्वतःला विषहारी म्हणवणारे एक गुरुजी माइकवरून सांगत होते. गुडघे, साखर, दमा, सुनेची कटकट, सगळ्याला एकच टब. कटकटीवर हशा पिकला.

एरवी दर रविवारी या सभागृहात मी बसते. आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासातून वेळ काढून मुलांची वजनं करते, दम्याचा पंप कसा ओढायचा ते शिकवते. परीक्षेसाठी महिनाभर सुट्टी काय घेतली, माझ्याच टेबलावर याने दुकान थाटलं. आज पुस्तक टाकून धावत आले, कारण माझ्या लेकीचा दम्याचा पंप मला कपाटाच्या माथ्यावर सापडला होता, आणि लेक घरात नव्हती.

ती पहिल्या रांगेत, सासूबाईंच्या मांडीवर होती. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांमध्ये खळगा पडत होता. आधी तिला पंप दिला. मग विचारलं, कधीपासून बंद आहे?

"आठवडा झाला," सासूबाई म्हणाल्या. "पंप चालू असला की विष निघत नाही म्हणाले. तू अभ्यासात. विचारू कुणाला?"

मी टबाकडे वळले. संतापाने.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त आहे. चाचणी लावताना शेजारी एक कोरी नळी लावायची, नमुना न घातलेली. रंग तिच्यातही आला, तर तो नमुन्याचा नाही. मी लेकीच्या काखेतली प्लॅस्टिकची बाहुली घेतली.

"आधी हिचे पाय बुडवा."

यंत्र जिवंत देहासाठी आहे, गुरुजी हसून म्हणाले.

"मग पाणी स्वच्छच राहील. घाबरता कशाला?"

"बुडवा की," मागून कुणीतरी म्हणालं. मग बरेच जण म्हणाले.

नवं पाणी आलं. गुरुजींच्या चेल्याने सवयीने मूठभर मीठ टाकलं, बटण दाबलं. बाहुली टबात उभी राहिली आणि पाणी तांबूस झालं, मग तपकिरी, वर तसाच फेस.

"हिलाही गुडघेदुखी दिसते," आजोबा पाय पुसत म्हणाले.

खोलीतल्या वाईट लहरी पाण्यात उतरल्या, असं गुरुजी पुटपुटू लागले. मी प्लग उपटला आणि यंत्राच्या तारेला लावलेली पाण्यातली डबी वर काढून उघडली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, गंजून झिजलेल्या. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झपाट्याने गंजतं. पाण्यात दिसतो तो गंज. पाय असोत, नसोत.

लेकीचा श्वास आता संथ झाला होता; तिला कडेवर घेऊन सासूबाई पुढे आल्या. माझ्याकडचा पंप घेऊन त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवला.

"उद्या पेपर आहे ना तुझा? जा तू. किती वेळा द्यायचा, तेवढं सांग."

गुरुजींनी गोंधळात यंत्र उचललं आणि पळ काढला. उद्या ते दुसऱ्या वस्तीत मांडतील, कदाचित तुमच्या. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच करा: कुणाचेही पाय न बुडवता टब चालवायला सांगा. आणि मुलाचं औषध कपाटावर गेलं असेल, तर आधी ते खाली काढा.