पास्क्याचा मैदा

लेस्याला पास्का जमत नाही, हे कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ईस्टरच्या परडीत घालून चर्चमध्ये आशीर्वादाला न्यायचा तो गोड, फुगीर पाव सत्तावीस वर्षं तिच्या सासूच्या, ओदार्काच्याच हातचा जायचा. लेस्याचा घरी राहायचा, घट्ट आणि बसका. "हात लागतो गं त्याला," ओदार्का चारचौघींत म्हणायची, आणि बायका गालातल्या गालात हसायच्या. एकीलाही कधी तिची कीव आली नाही.

यंदा ओदार्काचे हात कापायला लागले होते. कणीक मळणं तिच्याच्याने होईना, म्हणजे परडीत लेस्याचाच पाव जाणार होता. त्यात चर्चच्या बायकांनी पाककृतींचं पुस्तक काढायला घेतलेलं. कपाबिपात नको, सगळं ग्रॅममध्ये द्या म्हणाल्या. म्हणून लेस्याने वजनकाटा आणला.

सासूच्या पाककृतीच्या कागदावर आठ कप मैदा लिहिला होता. लेस्याने नेहमीसारखा डब्यात कप बुडवला, सुरीने वर सपाट केला. आठ कप झाले. काट्यावर अकराशे साठ ग्रॅम.

"आता तुम्ही भरा, आई. पुस्तकात पाव तुमच्याच नावाने जाणार आहे."

ओदार्का कापत्या हाताने, सवयीने भरत गेली. आधी मैदा हलवून मोकळा केला, मग चमच्याचमच्याने कपात सोडला. कप तोच, आठच. काटा म्हणाला नऊशे साठ.

काटा बिघडला असेल म्हणून लेस्याने त्यावर लोण्याचं पाकीट ठेवलं. चारशे चोपन्न, पाकिटावर छापलं होतं तेवढंच.

"आई, माझ्यात दोनशे ग्रॅम मैदा जास्त जातो. दर वर्षी. मी कप बुडवते, तो दाबून भरतो, म्हणून पाव बसतो."

ओदार्काने चमचा एप्रनला पुसला. "तू आलीस त्या पहिल्याच ईस्टरला पाहिलं होतं मी."

लेस्या खुर्चीवर बसली. "पाहिलं होतंत? आणि बोलला नाहीत?"

"बोलणार होते. पण घर तुझं झालं, पोरगा तुझा झाला. मला एक पाव तरी नको का?"

एवढ्यात ओरेस्ट बुटांवरचा बर्फ झाडत आत आला. सासूचा पोरगा, लेस्याचा नवरा. त्याने काटा पाहिला, मैद्याची दोन भांडी पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला, आणि टोपी हातातच राहिली.

"सांगितलंस का तिला शेवटी, आई?"

सासूचं लेस्याला एक वेळ कळलं असतं. पण हाच माणूस दर ईस्टरला तिचा घट्ट पाव चहात बुडवत म्हणायचा, "पुढच्या वर्षी जमेल गं तुला."