चिकू खाल्लेली टाकी

देव अक्कल वाटत होता तेव्हा माझा नवरा लाहू नक्की ताडावर चढून बसला असणार. नाहीतर शहाणा माणूस असं करतो होय?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी डहाणूला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "चिमीबाई, आता धुराजवळ फिरकायचं नाही. डोळा चिघळला तर हातचा जाईल." मी तोऱ्यात म्हटलं, "धूर कसला बाई, आमच्याकडे गोबरगॅस आहे!"

रानशेतला घरी आले, तर लाहू अंगणात तीन दगड मांडून भाकरी करपवतोय. पोरगा वापीला कंपनीत, घरात आम्ही दोघंच. मी लांबूनच ओरडले, "गॅसला काय धाड भरली?"

"तू येणार म्हणून टाकीला जरा जास्त खायला घातलं," तो मान खाली घालून म्हणाला.

काय घातलं? तर वाडीतले गळून पडलेले चिकू. शेणात चार चिकू गेले तर बिघडत नाही, पण ह्यानं पाट्याच्या पाट्या ओतल्या. म्हशीला पेंड वाढवली की दूध वाढतं, हा त्याचा हिशेब! आधी गॅस भसाभसा आला म्हणे, मग बंदच पडला. मी भांड भांड भांडले. भीतीच वाटत होती मला. नवा डोळा, आणि पुन्हा चूल?

शेजारची रूपी म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे जेवा." पण तिच्याकडेही चूलच.

तणतणत टाकीपाशी गेले. आंबट भपकारा आला, आणि वास ओळखीचा निघाला. माझा बाप ताडाचा रस काढायचा. रस आंबून ताडी होऊ नये म्हणून मडक्याला आतून चुना फासायचा.

"अरे बाबा, तुझ्या टाकीची ताडी झालीय! चुना आण. आणि आता तिला लंघन. चिकू नाही, शेणही नाही."

लाहूनं चुन्याचं पाणी थोडं थोडं करून ओतलं. मग रोज शेगडीला काडी लावून बघायचा. भक् करून विझायची. मग बिचारा अंगणात चूल पेटवायचा, मला आत बसवून बाहेरून दार ओढून घ्यायचा. भात खारट, डाळ कच्ची. शिव्या देत देत जेवले.

टाकीचा आंबूस वास गेला, तसं थोडं थोडं शेण सुरू केलं. एका सकाळी तो ओरडला, "पेटला गं, पेटला!"

मला काळ्या चष्म्यातून काहीच दिसेना. "कुठंय? थापा मारतोस मेल्या."

"चष्मा काढ की."

काढला. निळा जाळ, एकसारखा, धुराचं नाव नाही. पलीकडे लाहू उकिडवा बसलेला. कितीतरी वर्षं त्याचं तोंड मला नुसतं धुरकट दिसायचं. आता एकेक सुरकुती दिसली. भुवया पांढऱ्या झालेल्या, डोळे लालभडक, सुजलेले. माझ्या वाटणीचा सगळा धूर त्यानं एकट्यानं खाल्ला होता.

"म्हातारा झालास की रे!" मी म्हटलं.

"मग तू काय कोवळी आहेस?"

चहा ठेवला. त्याच्या कपात दूध जास्त घातलं. शिव्या उद्या देईन.