पारा एकशे तीनवर गेला तेव्हा

मित्रांनो, काचेची बारीक नळी आणि पोटात थेंबभर पारा, असा मी जुना थर्मामीटर. अकोल्याच्या दुकानातून प्रेमलाताईंनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांचा प्रफुल्ल दोन वर्षांचा होता. त्याचा गोवर, टायफॉइड, सगळे ताप मी मोजले. "याचा आकडा चुकत नाही," असं त्या शेजारणींना सांगायच्या आणि मी सुखावून जायचो.

पुढे प्रफुल्लला दिल्लीत सरकारी नोकरी लागली. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये बॅटरीवरचा थर्मामीटर आला आणि मी कपाटात पडून राहिलो.

गेल्या फेब्रुवारीत प्रफुल्लची बायको मैत्री बाळंत झाली. मुलगी झाली, श्रावस्ती. सहाव्या दिवशी दुपारी मैत्रीला हुडहुडी भरली. नव्या थर्मामीटरची बॅटरी नेमकी संपलेली. प्रेमलाताईंनी मला शोधलं, धुतलं, झटकलं आणि तिच्या काखेत ठेवलं. अंग नुसतं भाजत होतं. पारा एकशे तीनवर गेला.

"दूध भरलंय ना आई, म्हणून असेल," मैत्री पुटपुटली. "झोपले की उतरेल."

"एवढा ताप? आणि तुला धाप का लागतेय?" प्रेमलाताईंनी हाक मारली, "प्रफुल्ल, कॅब बोलव!"

"आई, संध्याकाळी डॉक्टरांना फोन करतो ना."

"संध्याकाळी नाही, आत्ता. चलो, ऊठ!"

त्यांच्या पर्समधून मीही हॉस्पिटलात पोचलो. जंतू मैत्रीच्या रक्तात शिरले होते. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि लगेच औषध सुरू केलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. बाळंतिणीच्या रक्तात क्वचितच सापडणारा जंतू निघाला, म्हणून औषध बदललं. डॉक्टरीणबाई प्रेमलाताईंना म्हणाल्या, "माँजी, आपने देर नहीं की, अच्छा किया."

पाचव्या दिवशी ताप उतरला. मैत्रीने डोळे उघडून विचारलं, "आई, श्रावस्ती दूध प्यायली का?" प्रेमलाताई "हो गं" म्हणाल्या आणि खिडकीकडे वळून त्यांनी पदराने डोळे पुसले.

आता मी पुन्हा कपाटात असतो, पण त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. बाहेर मायलेकींचं हसणं ऐकू येतं.

मित्रांनो, बाळंतिणीचा ताप अंगावर काढू देऊ नका. कुणाच्या घरी बाळ बघायला गेलात, की त्याच्या आईजवळही घटकाभर बसा आणि विचारा, "तू कशी आहेस?"