न सांगितलेली खूण

आमच्या नगरपालिकेचं पत्रक महिन्यातून दोनदा निघतं. ते कोण वाचतं असं विचारलंत, तर मी वाचतो, कारण मला त्याचा पगार मिळतो. बाकीचे लोक कचरा उचलायचे वार तेवढे बघतात आणि मग त्यावर मुळे सोलतात. शेवटच्या पानावर ‘हात हवेत’ नावाचं सदर असतं. किनारा साफ करायला हात हवेत, शाळेसमोर झेंडी घेऊन उभं राहायला हात हवेत, असं. ते सदर चिनात्सु ओगिनो लिहायची. माझ्या हाताखाली एवढी माणसं काम करतात, पण जिच्या लिखाणाला मी कधी लाल पेन लावलं नाही अशी ती एकटीच.

भोंग्यांवरचा आवाजही तिचाच. शहरभर खांबांवर भोंगे आहेत. बसवले त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी, पण त्सुनामी काही रोज येत नाही, म्हणून एरवी त्यावरून पाणी कधी जाणार, लस कुठे टोचणार हे सांगतात. कुणी हरवलं तर त्याचं वय, उंची आणि कपडे सांगतात. नाव सांगायचं नाही असा नियम आहे. घरच्यांची शोभा नको म्हणून.

या शरद ऋतूत आम्ही ‘सोबती’ सुरू केलं. विसरभोळी म्हातारी माणसं घराबाहेर पडतात आणि वाट चुकतात, त्यांना शोधून हाताला धरून घरी आणायला स्वयंसेवक हवे होते. चिनात्सुनं सदरात लिहिलं, ‘तुमच्या घरी असं कुणी असेल तर लपवू नका. शेजारीपाजारी सांगून ठेवा. त्यात लाज कसली?’ मी ती शेवटची ओळ ठळक छापली. लोक आले, कधी नव्हे ते भरपूर आले. प्रत्येकाला नारिंगी बंडी दिली, पाठीवर मोठ्या अक्षरात ‘सोबती’. कचेरीतल्या आम्हालाही एकेक मिळाली. माझी अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे.

नोव्हेंबर संपत आला होता, खेकड्यांच्या बोटी निघू लागल्या होत्या. चिनात्सु रोज जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन यायची. डबा का आणत नाही असं कुणी विचारलं की नुसती हसायची. एकटी बाई, चाळिशी उलटलेली, घरी मांजर असेल असं आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी ती उशिरा परतली आणि सरळ माझ्या टेबलाशी आली.

“साहेब, पोलीस चौकीतून निरोप आहे. एक गृहस्थ हरवलेत. वय एक्याऐंशी.”

मी नूडल्सचा वाडगा बाजूला केला. “आणि घरचे काय करत होते? झोपा काढत होते?”

तिनं हातातला मजकुराचा कागद माझ्यापुढे ठेवला.

“पत्रकातून इतकं कानीकपाळी ओरडतो आपण, लपवू नका, लपवू नका. पण नाही. आधी घरची अब्रू झाकायची, बाप हरवला की मग नगरपालिका आठवते. असल्या पोरांना भोंग्यावर उभं करून त्यांचीच नावं वाचली पाहिजेत.”

पलीकडच्या टेबलावरची दोघं हसली. माझं असलं बोलणं कचेरीत चालतं, लोकांची करमणूक होते. मलाही ते ठाऊक होतं, म्हणून मी जरा मोठ्यानंच बोललो होतो.

“बरं, काही खूण?” मी विचारलं. “तीळ, लंगडणं, चष्मा, काहीतरी?”

तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, “नाही. खास काही नाही.”

मी मजकुरावर शिक्का मारला. तिनं ध्वनिक्षेपकाच्या खोलीत जाऊन वाचलं. राखाडी स्वेटर, मध्यम उंची, पांढरे केस. आमच्या शहरात बंदराकडे एक दगड फेकला तर अशा कुणाला तरी लागेल. पण आवाज नेहमीसारखा स्वच्छ होता, एक अक्षर अडखळलं नाही.

सोबतीवाले अर्ध्या तासात बंदरावर जमले. त्यांची मुकादम म्हणजे कामादाबाई. चाळीस वर्षं मासळीबाजारात लिलावाला उभी राहिलेली बाई, तिला भोंगा लागत नाही. तिनं जोड्या लावल्या, कुणाला देवळाकडे पाठवलं, कुणाला बोगद्याकडे, आणि स्वतः बोटींच्या छपऱ्यांकडे निघाली. मी आणि चिनात्सु लाटा अडवणाऱ्या बांधाकडे गेलो. खरं तर मला जायचं नव्हतं, पण ती निघाली म्हटल्यावर साहेबानं मागे राहणं बरं दिसत नाही.

वारा समुद्रावरून येत होता आणि रात्री पारा शून्यावर जाईल असं आम्हीच सकाळी भोंग्यावर सांगितलं होतं. स्वेटरवरचा म्हातारा अशा रात्री उघड्यावर राहिला तर सकाळी त्याला शोधायची गरज उरणार नव्हती. हे दोघांनाही माहीत होतं. चिनात्सु माझ्या बरीच पुढे चालत होती. बांधाच्या सिमेंटच्या ठोकळ्यांमध्ये जिथे जिथे फट दिसेल तिथे वाकून खाली पाण्यात बघत होती. आणि तेव्हा माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. तिच्या पायांत कचेरीतल्या कापडी सपाता होत्या. पार भिजलेल्या.

“ओगिनोबाई,” मी म्हणालो, “बूट बदलायचेही राहिले की हो. पगारवाढ हवीय का?”

ती थांबली. मागे वळली नाही.

“साहेब, ते माझे बाबा आहेत.”

लाटांच्या आवाजात मला आधी वाटलं ती दुसरंच काही सांगतेय. मग ती वळली आणि तिचा चेहरा पाहून मला कळलं.

आई गेल्यावर तिनं वडिलांना बेटावरून इकडे आणलं होतं. दीड वर्ष झालं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी दाराला बाहेरून कडी घालून यायची, दुपारी जाऊन त्यांना जेवू घालायची आणि परत कडी. त्या दिवशी सकाळी कडी घालायची राहिली.

“सदर लिहिलं त्या रात्रीही त्यांना कडी घालूनच मी कचेरीत थांबले होते,” ती म्हणाली. “लाज कसली, असं लिहीत होते.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, एरवी मी लगेच म्हणालो असतो. पण ते ब्रह्मज्ञान ठळक छापणारा मी.

“निदान मला सांगायचं,” मी म्हणालो.

“सांगायलाच आले होते.” तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुम्ही आधी बोललात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

“खूण आहे, साहेब. डाव्या हाताची मधली दोन बोटं नाहीत. बेटावर बर्फाच्या कारखान्यात होते, तिथे गेली. आमच्या समोरच्या बाईनं खिडकीतून त्यांचा हात पाहिलाय. गॅसवाल्यानं पाहिलाय. बोटांचं सांगितलं असतं तर दोघांना लगेच कळलं असतं की ओगिनोच्या घरातला म्हातारा तो. म्हणून नाही सांगितलं. पोलिसांनाही नाही. वाटलं, राखाडी स्वेटरवर सापडतील.”

माणूस बुडत असला तरी त्यानं गुपचूप बुडावं असं आपल्याला वाटतं, हे मी त्याआधी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पण तिला बोलायचा मला काय अधिकार होता? मी खिशातून फोन काढला आणि कामादाबाईला लावला. बोटांचं सांगितलं. कुणाचे वडील ते सांगितलं नाही.

“डाव्या हाताची?” कामादाबाई म्हणाली. “मधली दोन?”

“हो.”

“सेगावासाहेब, अहो, ते माझ्याशेजारी उभे आहेत. दुपारपासून माझ्याबरोबर शोधताहेत.” मग तिनं आवाज खाली आणला, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच. “सोबतीची बंडी घालून आलेत. मला वाटलं, वरच्या आळीतून कुणी नवीन आलंय.”

ती बंडी चिनात्सुला कचेरीतून मिळालेली, तिच्या घरी दारामागच्या खुंटीवर टांगलेली असायची.

आम्ही पळालो. तिची एक सपात वाटेत निघाली, ती तिनं उचललीही नाही. बोटींच्या छपऱ्यांपाशी पाच-सहा बंड्या दिसत होत्या आणि त्यातला एक म्हातारा उलट्या होडीखाली वाकून हाका मारत होता, “अहो बुवा, या बाहेर. कुणी रागावणार नाही.” थंडीनं त्याचे ओठ निळे पडले होते. राखाडी स्वेटर बंडीखाली झाकलेला. सकाळपासून किती जणांनी वाटेत त्याला कमरेत वाकून ‘दमलात हो आजोबा, देव भलं करो तुमचं’ म्हटलं असेल कोण जाणे.

चिनात्सु त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं.

“तुम्हीही आलात का, बाई? या. तिकडचं बघून झालं, इथलं राहिलंय. बिचारा गारठून जाईल हो.”

“बाबा,” ती म्हणाली.

“त्याला ऐकू कमी येत असेल,” म्हातारा म्हणाला. “मोठ्यानं हाक मारा.”

कामादाबाईनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. बाजारातली बाई, तिला हिशेब जुळायला वेळ लागत नाही. तिनं आपला लोकरी कोट काढून म्हाताऱ्याच्या अंगावर टाकला.

“यांच्या हातात मी स्वतः भाताचा गोळा दिला,” ती म्हणाली. “बोटं डोळ्यांसमोर होती माझ्या. भोंग्यावर एक शब्द आला असता तर दुपारीच घरी गेले असते. का गं नाही सांगितलंस?”

ती रागानं बोलली नव्हती, पण सगळ्यांनी ऐकलं. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं, कुणी समुद्राकडे बघायला लागलं. चिनात्सु कमरेत वाकली, इतकी खाली की केस जमिनीला लागले, आणि तशीच राहिली. “चूक झाली,” एवढंच म्हणत राहिली. मला वाटलं आपणही वाकावं. नुसता उभा राहिलो. शेवटी कामादाबाईनंच तिला दंडाला धरून उभं केलं आणि स्वतःचे रबरी बूट काढून तिच्यापुढे ठेवले.

हरवलेला माणूस सापडला की तेही भोंग्यावरून सांगावं लागतं, नाहीतर लोक शोधत बसतात. मजकूर ठरलेला आहे, दोन ओळींचा. मी चिनात्सुला म्हणालो, “तुम्ही इथे थांबा यांच्याजवळ. आज मी वाचतो.”

“नको, साहेब. तुम्ही बसा त्यांच्याजवळ.”

मोठे पडणारे बूट ओढत ती कचेरीकडे गेली. मी लिलावाच्या छपरीतल्या पायरीवर म्हाताऱ्याशेजारी बसलो. कुणीतरी खेकड्याच्या नांग्या घातलेलं गरम सूप आणून दिलं. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा मी तो हात पाहिला. पाहिल्यावर पुन्हा विसरता येणार नाही असा हात होता.

भोंग्यांवर रोज संध्याकाळी पाचला लागणारं गाणं वाजून संपलं आणि ते परत खरखरले.

“नगरपालिकेकडून. आज दुपारी हरवलेले एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ सुखरूप सापडले आहेत. शोधणाऱ्या सर्वांचे आभार.”

दोन ओळी संपल्या. भोंगा मात्र बंद झाला नाही.

“त्यांच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं नाहीत. ही खूण दुपारी सांगायला हवी होती. मला लाज वाटली, म्हणून मी सांगितली नाही. ते माझे वडील आहेत. माझं नाव चिनात्सु ओगिनो. पुन्हा कधी ते एकटे दिसले, तर कृपा करून मला कळवा.”

आमच्याकडे भोंगे एकाच वेळी ऐकू येत नाहीत. बंदरावरचा आधी बोलतो, मग देवळाजवळचा, मग डोंगरावरचा. ‘माझे वडील आहेत’ हे सगळ्या शहरावरून तीनदा गेलं. नियम माझ्या डोक्यात होता, नाव सांगायचं नाही. उद्या वरून विचारणा झाली तर मीच वाचायला सांगितलं असं सांगेन, हे मी तिथेच ठरवलं. तेवढं तरी.

म्हाताऱ्यानं वाडगा खाली ठेवला आणि आपला डावा हात वर करून पाहिला.

“ऐकलंत? त्याचीही दोन बोटं गेलीत,” तो म्हणाला. “बर्फात काम केलेला असणार.”

“असेल,” मी म्हणालो.

“सापडला, बरं झालं. आणि पोरगी धीट आहे हो. सगळ्या गावासमोर बाप म्हणाली.” मग त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, “पण लाज वाटली असं का म्हणाली? त्यात लाज कसली?”

मी त्याच्या अंगावरचा कोट सारखा केला आणि तिची वाट बघत बसलो.